एकाच बाटलीत २७ रोग: जुन्या मासिकांतल्या जाहिराती

रद्दीदरबार

मंडळी, परवा एका रद्दीवाल्याकडे तराजूत चढायच्या बेतात असलेला जुन्या मासिकाचा बांधीव खंड वाचवला. विसाच्या दशकातला. पाठीचं चामडं सुटलेलं, कडेला वाळवीने नक्षीकाम केलेलं. घासाघीस करून १५० रुपयांना पडला. घरी बायको एवढंच म्हणाली, "आणखी एक?" उत्तर नव्हतं, म्हणून सरळ वाचायला बसलो.

कथा-कविता राहिल्या बाजूला, दोन दिवस नुसत्या जाहिराती वाचतोय. सार्सापरिला नावाच्या बाटलीबंद औषधाच्या एका जाहिरातीतले रोग पेन्सिलीने मोजले. खरूज, नायटे, गंडमाळा, सांधेदुखी, मंदाग्नी, डोळ्यांपुढे अंधारी, असं करत करत २७ भरले. सत्ताविसावा 'उदासीनता'. यादी वाचून मला तो आपोआप झाला.

किंमत '१। रु.' छापलीय. मी ती रेघ पूर्णविराम समजत होतो. मग कळलं, एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. तर बाटली सव्वा रुपयाची. पुढे 'ट. हं. निराळें' आहे, ते काय?

जाहिरातीखाली कचेरीतल्या एका कारकुनाचं प्रशस्तिपत्र आहे. तीन बाटल्यांत पूर्ण गुण आला, कृपया चौथी पाठवावी. अहो, पूर्ण गुण आला तर चौथी कशाला?

पलीकडच्या पानावर केसांचं तेल. पाठमोरी बाई, केस घोट्यापर्यंत. तीन पानांनंतर वेगळं तेल, वेगळी कंपनी, बाई तीच. शेवटच्या पानावर वशीकरणाची अंगठी, गुण न आल्यास पैसे परत. गुण न आल्याचा पुरावा काय द्यायचा असेल?

तुमच्याकडे असलं काही असेल तर या धाग्यावर टाका.

गिरगावचापोऱ्या

ट. हं. म्हणजे टपाल हंशील. पोस्टेज हो.

या सगळ्या धंद्याचा कणा व्ही.पी. (व्हॅल्यू पेएबल पोस्ट) होता. १८७७ साली पोस्टाने ती सोय सुरू केली. पार्सल आलं की पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि 'व्ही.पी. सोडवून' घ्यायची. त्यामुळे काळबादेवीतला औषधवाला यवतमाळच्या गिऱ्हाइकाला दुकानाशिवाय माल विकू शकला. दुकान म्हणजे मासिकाचं पान.

आमच्या चुलत आजोबांनी असंच 'गॅरंटीचं' घड्याळ मागवलं होतं. व्ही.पी. सोडवली, घरच्यांनी भोवती कोंडाळं केलं, वेष्टण सोडलं. घड्याळ होतं, साखळीही होती. काटे तबकडीवर छापलेले होते. आजोबा म्हणे पुढे वर्षभर ते बंडीला लावून लग्नाकार्याला जायचे. कुणी वेळ विचारली तर "थांबलंय" म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

चिमटा

दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवायचं की! घड्याळवाल्यांनी गॅरंटी पाळली म्हणायची.

खिळेजुळवी

रद्दीदरबार, त्या पाठमोऱ्या बाईचं कोडं सोडवतो. आमचा घरचा छापखाना होता, सांगलीकडे. लहानपणी मी शिशाच्या खिळ्यांशी, म्हणजे छपाईच्या अक्षरांशी, खेळत वाढलोय.

चित्र छापायचं तर जस्ताचा ब्लॉक लागे, लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांनी ठोकलेला. नवा ब्लॉक मुंबई-पुण्याहून करून आणायचा म्हणजे पैसा आणि आठवडा दोन्ही जायचे. म्हणून प्रत्येक छापखान्यात तयार ब्लॉकांचा एक खण असे. बाई, बाळ, पैलवान, दाढीवाला वैद्य, घड्याळ, आणि बोट दाखवणारा हात. गिऱ्हाईक मजकूर घेऊन आलं की खण उघडायचा.

आमच्याकडच्या केसवाल्या बाईने तेल विकलं, साबण विकला, आणि एकदा एका नाटक मंडळीच्या हस्तपत्रिकेवर ती चक्क द्रौपदी झाली. खूप वापरून तिच्या डाव्या कोपऱ्याचं जस्त झिजलं होतं, त्यामुळे पुढच्या सगळ्या छपाईत बाईच्या टाचेपाशी पांढरा डाग येई. तुमच्या खंडातल्या दोन्ही बायांच्या टाचा भिंगाखाली धरून बघा. डाग एकाच जागी असेल तर ब्लॉकही एकच.

दाढीवाला वैद्य अजून माझ्या टेबलावर आहे. पेपरवेट म्हणून.

रद्दीदरबार

खिळेजुळवी, भिंग घेऊन बसलो. डाग टाचेला नाही, कोपराला आहे. पण दोन्हीकडे, आणि एकाच जागी! दंडवत.

निमवैद्य

२७ रोगांवर हसताय ते ठीक, पण त्या यादीत एक रोग मुद्दाम लिहिलेला नसतो. त्याच्यासाठीच यादी असते.

सार्सापरिला ही मूळ अमेरिका खंडातली वेल, आपल्याकडे तिची जागा अनंतमूळ म्हणजे उपळसरीने घेतली. मुंबईत डॉ. वामन गोपाळ यांचा 'आयोडाइज्ड सार्सापरिला' फार गाजलेला. त्यातलं 'आयोडाइज्ड' बघा. पोटॅशियम आयोडाइड तेव्हा जुनाट गरमीवर, म्हणजे उपदंशावर, डॉक्टरही देत. पेनिसिलिन यायला अवकाश होता. आता हा रोग कौटुंबिक मासिकात छापणार कसा? म्हणून 'रक्तशुद्धी'. 'रक्तदोष' वाचलं की ज्याला समजायचं त्याला समजे, बाकीचे खरूज-नायट्यावर थांबत.

तसंच 'तरुणपणींचा अविचार' आणि 'नष्ट झालेली शक्ति'. जामनगर-मुंबईच्या वैद्यमंडळींच्या आतंकनिग्रह गोळ्या आठवा. हस्तमैथुनाने माणूस खंगतो ही भीती आधी रुजवायची, मग गोळी. र. धों. कर्वे १९२७ पासून आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात ही भीतीच बिनबुडाची आहे असं सांगत होते. किती जणांनी ऐकलं असेल ते सोडा. भीती विकणाऱ्यांकडे पानं जास्त होती.

गावच्या वैद्याला नाडी दाखवायची म्हणजे तो वडिलांना सांगणार. मुंबईचा औषधवाला परका, वर 'पत्रव्यवहार गुप्त ठेवला जाईल' अशी हमी. व्ही.पी.ची खरी किमया तिथे होती.

गिरगावचापोऱ्या

गुप्त कसलं डोंबलाचं! पार्सल आणायचा आमच्याच आळीतला पोस्टमन. त्याला प्रत्येक कंपनीचं वेष्टण पाठ. "कोणाकडे शक्तीच्या गोळ्या आल्या" हे गिऱ्हाइकाच्या आधी पारावर कळायचं.

तळ्याकाठचीमाई

क्लीव्हलंडहून हात वर करते. इकडच्या जुन्या बाजारांत अशी मासिकं खोक्यांनी मिळतात, आणि निमवैद्य म्हणतात ती गुप्तता इथेही होतीच.

लिडिया पिंकहॅम नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या बाईंनी १८७५ मध्ये बायकांच्या दुखण्यांवर एक 'वनस्पतींचं मिश्रण' विकायला काढलं. बाटलीवर त्यांचाच चेहरा, शांत, आजीसारखा. जाहिरात सांगे, डॉक्टर पुरुष आहे, त्याला काय सांगता, मिसेस पिंकहॅमना लिहा, तुमचं पत्र कुणी पुरुष वाचणार नाही. हजारो बायका लिहायच्या. उत्तरंही यायची.

आता गंमत. बाई १८८३ मध्येच वारल्या होत्या. जाहिराती 'मिसेस पिंकहॅमना लिहा' म्हणत तशाच चालू. शेवटी १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल'चे संपादक एडवर्ड बॉक यांनी बाईंच्या थडग्यावरच्या दगडाचा फोटोच छापला. कंपनी डगमगली नाही. म्हणाली, पत्रांना उत्तर देणारी मिसेस पिंकहॅम म्हणजे त्यांची सून, तीही मिसेस पिंकहॅमच!

आणि त्या मिश्रणात अल्कोहोल होतं १८ टक्क्यांच्या आसपास. दारूबंदीच्या सभेहून घरी येऊन दोन चमचे घेणाऱ्या किती जणी असतील! बरं वाटत असणारच.

चिमटा

माई, आमच्याकडे सासू वारल्यावर सून तिच्या लोणच्याची ऑर्डर पुरी करते, तसंच की हे. फक्त लोणच्यात १८ टक्के नसतात.

वकिलीबाणा

इंग्लंडची बाजू मी मांडतो. बीचमच्या गोळ्या, घोषवाक्य 'डबीची किंमत एक गिनी', म्हणजे २१ शिलिंग. विकायचे १ शिलिंग दीड पेनीला. ग्राहकाला वाटावं केवढा फायदा.

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून पुस्तक काढलं. बीचमच्या गोळीत निघालं काय? काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला रस), सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या घटकद्रव्यांचा खर्च अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. शिलिंग बारा पेनींचा, म्हणजे डबी साडेतेरा पेनीची. हिशेब केला तर बरोबर १०८ पट. जपमाळ घेऊन बसावं इतकं चोख.

अमेरिकेने १९०६ मध्ये कायदा केला. आत काय आहे त्यातलं ठरावीक, म्हणजे अल्कोहोल, अफू वगैरे, लेबलावर लिहायला लावलं. आपल्याकडे चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा. म्हणजे रद्दीदरबारांचा खंड निघाला तेव्हा २७ काय, २७० रोग लिहिले असते तरी या कलमाखाली कुणी बोलावलं नसतं.

तळ्याकाठचीमाई

वकीलसाहेब, सगळ्यांना एकाच पोत्यात घालू नका. 'फिकट माणसांसाठी गुलाबी गोळ्या' (पिंक पिल्स फॉर पेल पीपल) म्हणून डॉ. विल्यम्सच्या गोळ्या होत्या, कॅनडातल्या ब्रॉकव्हिलच्या. हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांतही त्यांच्या जाहिराती येत. जॉर्ज फुलफर्डने १८९० मध्ये त्यांचे हक्क घेतले, रक्कम ५३ डॉलर १ सेंट. वरचा एक सेंट कशाचा हे मला अजून छळतंय. त्यावर त्याने जगभर धंदा केला, नदीकाठी महाल बांधला.

त्या गोळ्यांतही अर्धांगवायूपर्यंत सगळं बरं होतं असा दावा असायचा, पण आत लोहाचा क्षार होता. फिकट माणूस म्हणजे बहुधा रक्त कमी असलेला. त्याला खरोखर थोडा गुण येत असणार. नाव ठेवणाऱ्याने अनुप्रास साधला आणि निदानही.

फुलफर्ड १९०५ मध्ये मोटार अपघातात गेला. तेव्हा मोटारीच किती होत्या!

नवखा_वाचक

मस्त धागा. पण मला वाटतं आजच्या जाहिराती तरी काय वेगळ्या

चिमटा

नवखे, थांबा. हे वाक्य प्रत्येक जुन्या गोष्टीच्या धाग्यावर येतं आणि मग पुढचे ४० प्रतिसाद गोरेपणाच्या क्रीमवर होतात. त्याला वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

सरस्वतीताई

मी ग्रंथालयात ३१ वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

रद्दीदरबार, तुमचा खंड मोलाचा आहे तो कथांमुळे नाही. मासिकं बांधायला देताना बाइंडर पहिल्यांदा काय करी, तर मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं फाडून टाकी. खंड जाड होतो, आणि 'त्यात वाचण्यासारखं काय' म्हणून. त्यामुळे मोठमोठ्या ग्रंथालयांत जुने खंड आहेत, पण त्यांत जाहिराती नाहीत. अंक कितीला मिळायचा, शाई कोणाची, साबण कुठला, सगळं कात्रणांच्या ढिगात गेलं. तुमचा बाइंडर आळशी होता म्हणून ही पानं वाचली. त्याला दुवा द्या.

दुसरं. काही मासिकं जन्मालाच जाहिरात म्हणून आली. 'किर्लोस्कर खबर' १९२० मध्ये निघालं ते कारखान्याच्या मालाची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत न्यायला. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, पहिली दोन वर्षं नांगर खपेना. असल्या गिऱ्हाइकाशी नुसती किंमत छापून बोलता येत नाही, त्याला वाचायला काहीतरी द्यावं लागतं. पुढे शंकरराव किर्लोस्करांनी त्यात इतकं वाचायला दिलं की नावातली 'खबर' गळून पडली आणि मराठीतलं एक मोठं मासिक उरलं.

खिळेजुळवी

ताई, फाडलेल्या पानांचं आम्ही काय करायचो सांगू? पुड्या. आख्खा पेठवाडा चिवडा खायचा त्या तेलवाल्या बाईवर.

हुगळीकाठचाजोशी

तेलाचा विषय निघालाच आहे तर कोलकात्याहून एक. इथल्या हेमेंद्रमोहन बोस यांचं 'कुंतलीन' नावाचं केशतेल होतं. १८९६ मध्ये त्यांनी कथास्पर्धा लावली. अट अशी की गोष्टीत तेलाचा उल्लेख हवा, पण ती जाहिरात वाटता कामा नये. आपल्या संपादकांना ऐकूनच घाम फुटेल.

पहिल्या वर्षी बक्षीस पटकावलेल्या निनावी कथेत समुद्रातलं वादळ आहे. जहाज बुडायच्या बेताला येतं, आणि एक प्रवासी तेलाची बाटली पाण्यात ओततो. लाटा शांत. निनावी लेखक कोण? जगदीशचंद्र बसू! बिनतारी लहरींवर काम करणारा शास्त्रज्ञ केशतेलाने समुद्र चोपडत होता. कादंबरीकार शरदबाबूंनाही (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) १९०३ मध्ये याच स्पर्धेत बक्षीस मिळालं, तेही मामाच्या नावावर कथा पाठवून.

आपल्या मुंबईच्या 'कामिनिया' तेलवाल्यांना हे सुचायला हवं होतं. नारायण हरी आपट्यांनी काय लिहिलं असतं राव!

सरस्वतीताई

'करमणूक' साप्ताहिकवाले म्हणायचं असेल तर हरी नारायण. नारायण हरी वेगळे.

हुगळीकाठचाजोशी

चूक मान्य. कोलकात्यात राहून नावं उलटी होतात.

गिरगावचापोऱ्या

पैलवानाच्या ब्लॉकवरून आठवलं. अंगात बनियन घालता ना, बिनबाह्यांचा? त्याला 'सँडो' का म्हणतात? युजीन सँडो, प्रशियात जन्मलेला, लंडनमध्ये नाव काढलेला शरीरसौष्ठवपटू. १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात खेळ करून गेला. त्याचे स्प्रिंगचे डंबेल्स, ताणायच्या दोऱ्या, टपालाने व्यायामाचे धडे, पुढे तर स्वतःच्या नावाचा कोको! माणूस गेला १९२५ मध्ये. डंबेल्स गेले, कोको गेला. आपल्याकडे तो दोरीवर वाळत घातलेला उरलाय.

निमवैद्य

हहपुवा (हसून हसून पुरती वाट). आणि डोंगऱ्यांचं बालामृत कुणी कसं काढलं नाही अजून? गुटगुटीत पोर दिसलं की आमची आजी विचारायची, "डोंगऱ्यांचं बालामृत पाजता की काय?" जाहिरात बोलीत उतरली की जिंकली.

तळ्याकाठचीमाई

भीतीवरून एक राहिलं. लिस्टरिन माहीत आहे ना, चुळा भरायचं? ते १८७९ मध्ये शस्त्रक्रियेतलं जंतुनाशक म्हणून निघालं होतं. विसाच्या दशकात कंपनीला एक जुनाट वैद्यकीय शब्द सापडला, 'हॅलिटोसिस'. म्हणजे तोंडाला वास येणं. वास जगाच्या सुरुवातीपासून होताच, आता त्याचा रोग झाला. १९२५ ची जाहिरात आहे. एडना नावाची सुस्वरूप मुलगी मैत्रिणींच्या लग्नांत करवली म्हणून मिरवते, तिशी जवळ आली तरी तिचं लग्न जमत नाही. कारण तिला कुणी सांगत नाही. मैत्रीण सांगत नाही, आई सांगत नाही. सांगते फक्त जाहिरात.

मी हे वाचलं तेव्हा हसले, आणि मग उठून दात घासले. शंभर वर्षांनी!

चिमटा

सर्व मान्यवरांच्या प्रतिसादांनी भारावून आमच्या कारखान्याचा माल सादर करतो:

"☞ पाहा! पाहा!! पाहा!!! धागाजीर्णारि वटी. रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत संस्थळावर जागणें, दुसऱ्याच्या शुद्धलेखनाची खाज, 'पहिला प्रतिसाद माझाच' हा वात, धागा उडाल्याचा शोक, इत्यादि ४१ विकारांवर रामबाण. स्त्री, पुरुष, संपादक सर्वांस सारखीच उपयोगी. गुण न आल्यास दुसरी डबी अर्ध्या किंमतींत. नकली मालापासून सावध! डबीवर आमचे आजोबांची मिशी पाहून घेणें. किं. १॥ रु., ट. हं. निराळें. पत्रव्यवहार गुप्त (पोस्टमन खेरीजकरून)."

वकिलीबाणा

१९५४ च्या कायद्याखाली नोटीस तयार आहे. पत्ता द्या.

खिळेजुळवी

दाढीवाल्या वैद्याचा ब्लॉक भाड्याने मिळेल. मिशी दाढीतच आहे.

रद्दीदरबार

मंडळी, सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. सरस्वतीताई, बाइंडरला रोज दुवा देतोय. माई, त्या एक सेंटचं कळलं तर आधी मला सांगा.

आज सकाळी उजेडात ती सार्सापरिल्याची जाहिरात पुन्हा बघितली. रोग मोजताना मी पेन्सिलीने बारीक टिंबं केली होती. त्यांच्याखाली आणखी टिंबं आहेत, माझी नव्हेत. जुनी, जांभळट, कॉपिंग पेन्सिलीची. २७ नाहीत, चारच. सांधेदुखी, मंदाग्नी, झोप न येणं, आणि तो शेवटचा, उदासीनता. समासात बारीक मोडीसारख्या वळणात काहीतरी लिहिलंय. वडिलांना मोडी येत असे, मला येत नाही, पण शेजारच्या काकांनी चष्मा बदलून बदलून लावलं. "३ मागविल्या. फरक नाहीं."

गिरगावचापोऱ्या

चौथी मागवायला हवी होती.